नाव घेऊन हाक

चिंचवडच्या डॉक्टरांकडून बैलगाडी दुपारी चिखलीला परतली, तेव्हा हिंदुराव स्वतःच्या पायांनी खाली उतरला. सकाळी पिंपरीत नव्या कारखान्याच्या बांधकामावर त्याच्या डोक्यात फळी पडली होती. घटकाभर शुद्ध हरपली होती, आणि आता गडी बैलांची थट्टा करत होता! त्याच्या बायकोचा, रुक्मिणीबाईचा, जीव भांड्यात पडला असता. पण डॉक्टरांचे शब्द कानातून जाईनात.

"कवटीच्या आत रक्त साठू शकतं. तोवर माणूस हसतो, बोलतो, मग एकदम गुंगी येते. सारखी नाव घेऊन हाक मारा. ओ आली नाही तर तडक पुण्याला न्या. वेळेत नेलं तर वाचतो."

उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून हिंदुराव अंधाऱ्या माजघरात आडवा झाला. धाकटा दीर भैरू गाडी जुंपलेलीच ठेवून अंगणात बसला. रुक्मिणीबाईनं चूल पेटवली.

नाव घ्यायचं? ते तिनं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. नवऱ्याचं नाव उठसूट घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आईनं शिकवलेलं. आधीच एवढा घाव, त्यात आपण कशाला भर घाला?

"अवो..."

"ओ."

"वैनी, दिली का ओ?" भैरूनं अंगणातून विचारलं.

"व्हय, दिली."

भाकरी थापता थापता ती हाका मारत राहिली. प्रत्येक हाकेला ओ आली. मग एकदा ओ कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीच्या बाजूनं आली. उठून बसलं वाटतं, म्हणून ती सुखावली. पुढची ओ तर तिनं तोंड उघडायच्या आधीच आली. माजघरातून ओल्या मातीचा वास येत होता.

"भावजी, बैलं सोडा आता. बरं हाय त्यांचं."

दिवेलागणीला चिमणी घेऊन ती आत गेली. हिंदुराव निजला त्याच कुशीवर होता. डोळे अर्धवट उघडे, एका डोळ्याची बाहुली काळीभोर पसरलेली. हात गार, बोटं ताठ. हा गारठा आत्ताचा नव्हता.

रीत, आयुष्य, सगळं सोडून ती किंचाळली, "हिंदुराव!"

काही नाही.

भैरू धावत आला. त्यानं भावाचा हात धरला. "वैनी... ह्यो कवाच गेलाय. मग ओ... कोन देत व्हतं?"

 सवयीनं रुक्मिणीबाईचे ओठ तेवढे हलले.

"अवो..."

"ओ," कणगीमागून आली. या वेळी भैरूनंही ऐकली.