हंसाची गादी

दप्तर पाठीवरच ठेवून नऊ वर्षांची निकिता रिकाम्या दिवाणासमोर उभी होती. सकाळी ज्या गादीवरून ती उठली होती ती गादी नव्हती, उशी नव्हती. होती फक्त ओल्या फडक्याने पुसलेली फळी आणि तिच्यावर अंथरलेली नवी कोरी सतरंजी.

"मावशी, माह्या आईची गादी कुठी हाय?"

हा प्रश्न येणार हे पुष्पाला ठाऊक होते. दुपारभर ती त्याचेच उत्तर मनाशी जुळवत होती… आणि तरी तोंडून निघाले ते इतकेच, "वावरात नेऊन जाळली. जुनी झालती."

पोर रडली असती तर पुष्पाने तिला पोटाशी धरले असते. पण निकिता रडली नाही. ती सरळ आजीकडे गेली आणि म्हणाली, "आजी, हिनं आईले जाळलं."

विमलताई हातातले सूप खाली ठेवून उठल्या. सुनेवर आवाज चढवणाऱ्या बायकांपैकी त्या नव्हत्या. म्हणूनच त्यांचे शब्द काळजाला घरे पाडून गेले. "हंसाच्या माहेरची गादी होती ते, पुष्पा. पोरीले तिच्यात मायचा वास येत होता. मेलेल्या सवतीचा तेवढा वासबी तुले सहन नाही झाला?"

पुष्पाने खाली ठेवलेले सूप उचलून घेतले. एका वाक्यात ती या आरोपातून सुटू शकली असती, पण तेच वाक्य तिने ओठांआड कोंडून घेतले.

चार दिवसांपूर्वी ती निकिताला एसटीने दिग्रसला घेऊन गेली होती. पोरीला दोन वर्षांपासून दमा होता. झोपली की छातीतून शिट्टी वाजे, उठून बसावे लागे. नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि औषधाआधी घरच विचारून घेतले. पोर कशावर झोपते, खोलीत काय काय असते, झाडलोट कशी करता… पुष्पाने सगळे सांगितले. मग निकिताला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुन्या गादीत धूळ असते, धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. रात्रभर तोंड त्यात खुपसून झोपली तर दम लागणारच. औषध मी देते, पण घरातली हवा तुम्हाला बदलावी लागेल."

येताना बसमध्ये निकिता तिच्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती आणि पुष्पा खिडकीबाहेरची कापसाने पांढरी झालेली वावरे पाहत एकच विचार करत होती: आईच्या ज्या गादीला कवटाळून ही पोर जगली, तिनेच हिचा श्वास कोंडला, हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

तिने फक्त नवऱ्याला सांगितले. श्यामराव म्हणाला, "मंग खरं सांगून टाक ना सगळ्याइले."

"नका सांगू. पोरीच्या मनात आईसाठी एक कोपरा हाय, त्याले डाग नाही लागला पाहिजे. मले म्हनू द्या वाईट. मी तं तशीबी सावत्रच."

ढाणकीला भावाच्या घरी तिने वैधव्याची अकरा वर्षे काढली होती, पाहुणीसारखी, पाय आखडून. कूस रिकामीच राहिली. मग या घराचे बोलावणे आले आणि न मागता एक लेक पदरात पडली! त्या दिवसापासून रोज दिवा लावताना पुष्पा जिला कधी पाहिले नव्हते त्या हंसाचे मनोमन आभार मानी. पोरीच्या मनातली तिची जागा जपण्यावाचून त्या ऋणातून उतराई होण्याची दुसरी वाट तिला दिसत नव्हती.

मग ती त्या घरातल्या हवेच्या मागेच लागली. निकिताच्या खोलीत भाव येईपर्यंत रचून ठेवलेला कापूस तिने श्यामरावासोबत गोठ्याशेजारच्या टिनाच्या खोलीत हलवला. कोरडा झाडू बंद झाला. दर आठवड्याला चादरी, खोळी उकळत्या पाण्यात पडू लागल्या. कपाटामागची ओल धरलेली काळी भिंत तिने खरवडून चुन्याने रंगवली, तेव्हा तिचे हात आठवडाभर सोलवटलेले होते. उदबत्तीऐवजी नुसते निरंजन लावा, असे सासूला विनवले, तेव्हा विमलताई शेजारणीला म्हणाल्या, "घर धुऊन धुऊन हंसाचं नाव पुसून राह्यली ते." पुष्पाने ऐकले, आणि बादली उचलली.

हिवाळा गेला. निकिता सलग झोपू लागली, शाळेत लंगडी खेळू लागली. विमलताईंनी ते केळापूरच्या देवीला बोललेल्या नवसाचे फळ मानले. पुष्पाशी मात्र पोर कामापुरतेच बोले…

होळीनंतर पुन्हा दाखवायची तारीख आली आणि नेमकी पुष्पा तापाने पडली. "मी नेतो तिले," विमलताई म्हणाल्या. डॉक्टरीणबाई सगळे बोलून जातील हे पुष्पाच्या ध्यानात आले, पण अडवणार कशी?

दुपार कलली तेव्हा दोघी परतल्या. विमलताई चपला काढायचे विसरून आत आल्या आणि पुष्पाच्या उशाशी मटकन बसल्या.

"डॉक्टरीन म्हने, या पोरीच्या मायनं अर्धं औषध घरीच केलं. म्हने, ते गादी काढली नसती तं पोर अशी धावली नसती." त्यांनी पुष्पाचा तापलेला हात धरला. "तू काहून नाही बोलली वं? मी तुले गावभर नावं ठेवली…"

पुष्पा धडपडत उठून बसली. स्वतःची सुटका तिला सुचलीच नाही, ती एवढेच म्हणाली, "निकितासमोर बोलल्या का त्या?"

"समोरच बोलल्या."

पुष्पाने डोळे मिटून घेतले. जे पाच महिने पदराआड जपले ते शेवटी उघडे पडले होते.

"बसमधी इचारलं तिनं मले," विमलताई हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, आईच्या गादीनं मले दम लागे का? मी म्हटलं, धूळ कोनाच्याबी गादीत बसते, बाई. तुह्या मायले मालूम असतं, तं तिनं स्वताच्या हातानं जाळली असती ते गादी. ते नव्हती, म्हनून तिचं काम हिनं केलं."

पुष्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. इतके साधे उत्तर तिला कधीच सापडले नव्हते. ते सापडायला हंसाला पाहिलेली, तिच्यावर माया केलेली सासूच लागली. तिने वाकून विमलताईंच्या पायांवर डोके ठेवले, आणि विमलताईंनी ते उचलून आपल्या मांडीवर घेतले.

दारात निकिता उभी होती. आजवर तिची वेणी आजीच घालत आली होती. पोर फणी घेऊन आत आली आणि पुष्पाकडे पाठ करून खाटेच्या कडेला बसली.

"आंगात ताप हाय तिच्या," विमलताई म्हणाल्या, "आन फणी, मी घालून देतो."

"हळूहळू घालू दे तिले," निकिता म्हणाली. "मले घाई नाही."