श्वासखुंटीची साक्ष

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाच्या दिवशी कुणी तपासणीला येतं का हो? पण डॉ. अनुजा साठ्ये आल्या! औसा तालुक्यातलं ते अख्खं गाव रानात जेवायला बसलेलं, आणि या बाई यंत्र घेऊन महानंदा बिराजदारांच्या बांधावर उभ्या.

सेंद्रिय शेतीचं अनुदान आता कागदपत्रांवर मिळत नसे. सरकारने शेताशेतात एकेक 'श्वासखुंटी' पुरली होती. मूठभर जिवंत मातीत अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि आपल्यासारखाच श्वास तेही सोडतात. खुंटी तो मोजून आकडा दाखवायची, निकालही बोलून सांगायची. श्वास दमदार असला तर अनुदान चालू, रासायनिक खतांनी मंदावला तर बंद.

"मावशी, येळवशीला तुमचा आकडा एवढा उसळतो कसा?" डॉक्टरांनी विचारलं. "चोरून काही ओतत असाल तर अनुदान आजच कायमचं बंद."

"चोरून कशाला? समद्यांदेखत आंबील शिंपडते की! खुंटीलाबी पाजते. ती काय परकी हाय व्हय?"

"आंबील तर सगळेच शिंपडतात. त्यांचा आकडा जरासाच हलतो."

"मग बघा तुमीच," म्हणत महानंदाबाईंनी ताक-ज्वारीच्या आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं आणि अनवाणी खुंटीभोवती फिरू लागल्या. थेंबही सांडला नव्हता, तोच आकडा चढायला लागला. डॉक्टर बघतच राहिल्या. त्यांनी स्वतःचे बूट काढून पाऊल टेकवून पाहिलं. काही नाही. मग त्यांनी महानंदाबाईंच्या टाचेच्या भेगेतली माती काचपट्टीवर घेतली, तपासली आणि मोठ्याने हसल्या.

"मावशी, या रानातले जीव तुमच्या टाचांत वस्तीला आहेत. तुम्ही आलात की मातीतले त्यांना ओळखतात आणि जोमाने कामाला लागतात. लबाडी कसली? तुम्ही या शेताचाच भाग आहात. अनुदान चालू!"

"आता तरी बसा!" महानंदाबाईंनी त्यांच्या ताटात पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढली. सगळं रान खिदळत होतं. कुणी हलगी काढली, डॉक्टरांनी दोनदा आंबील मागून घेतली. महानंदाबाईंना आनंद मावेना.

त्या गडबडीत त्यांची नात ईश्वरी रांगत खुंटीपाशी गेली. लेक शिवलीला बाळंतपणाला आली ती इथेच राहिली होती. पोर याच मातीत लोळून, माती खाऊन वाढलेली. उद्या दोघी बंगळूरला परत जाणार होत्या. पोरीने खुंटीला धरून पाय रोवले, आणि आकडा आजीच्याही वर गेला.

"आगं माझी वाघीण!" महानंदाबाईंनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात खुंटी बोलली. "नवा घटक नोंदला. अनुदान कायम राहण्यासाठी घटकाने क्षेत्र सोडू नये."

सगळे आणखीच हसले. शिवलीला मात्र हसली नाही. तिने लेकीला चटकन उचलून घेतलं. खुंटी लाल झाली.

"घटक जागेवर ठेवावा."

"बंद करा ना हे," शिवलीला म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही, मी फक्त लबाडी पकडते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "खुंटीचा निकाल कुणाला फिरवता येऊ नये, म्हणून तर ती अशी केली."

ईश्वरी कडेवरून खिदळत पाय खाली सोडत होती. महानंदाबाईंनी रानाकडे पाहिलं, मग नातीच्या मातकट तळव्यांकडे.

"जा तू उद्या. गाडी चुकवू नगंस," त्या म्हणाल्या.

पण हे म्हणायला त्यांना जरा वेळ लागला होता, आणि तेवढा वेळ शिवलीला आईच्या तोंडाकडे बघत होती.