दोन गुडघे, एक आलेख

"अहो, ती कुबडी माझी आहे."

कुबडी काखेत धरून निघालेली ती थबकली. फिजिओथेरपीच्या खोलीत एक उंच तरुण एका पायावर तोल सावरत उभा होता आणि वर हसतही होता.

"मग इतका वेळ तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?" ती म्हणाली खरी, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तो गणिताचा मास्तर. मुलांबरोबर फुटबॉल खेळण्याची हौस गुडघ्याला भोवलेली. ती अग्निशमन दलातली, शिडीवरून पडलेली. आठव्या आठवड्यात तिची चाचणी होती. गुडघा एकशेवीस अंश वाकला तर पुन्हा शिडी, नाहीतर कायमचं फोनच्या टेबलावर बसणं. आणि टेबलावर बसायला ती जन्मली नव्हती.

फिजिओबाई दर आठवड्याला गुडघे मोजायच्या आणि भिंतीवरच्या आलेखांवर ठिपके द्यायच्या. मास्तरची रेषा ऐटीत वर चाललेली. तिची मात्र शेजारच्या कागदावर लोळत पडलेली. तिसऱ्या आठवड्यात तिचा धीर सुटला.

"बस्स. फोनच उचलते आता."

"रडताय?" मास्तरने विचारलं.

"घाम आहे तो!"

मास्तर लंगडत भिंतीपाशी गेला, दोन्ही कागदांना नाक लावून पाहिलं आणि त्याने कपाळावर हात मारला. "बाई, यांचा कागद खांद्याचा आहे!"

"गुडघ्याचे संपले होते," फिजिओबाई शांतपणे म्हणाल्या.

खांद्याच्या कागदावर एक चौकट वीस अंशांची, गुडघ्याच्या कागदावर पाचाची. मास्तरने दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या.

"मी सत्तरावर सुरू झालो, तुम्ही चाळीसावर. म्हणून मी वर दिसतो. पण मी आठवड्याला पाच चढतो आणि तुम्ही... दहा! सुरुवात कुठून झाली ते सोडा. चढ बघा."

तिने बोटाने रेषा पुढे नेली. सहाव्या आठवड्यात शंभरावर दोघांची गाठ. आठव्याला एकशेवीस, अगदी काठावर.

"एक दिवसही ढिलाई चालणार नाही," ती म्हणाली.

"मी करूच देणार नाही."

मग ती दातओठ खाऊन भिडली. मास्तर शेजारी बसून दरडावायचा, चिडवायचा, बेसूर गायचा. सहाव्या आठवड्यात दोघांचे ठिपके एकावर एक पडले. फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर मात्र कागदाकडेच बघत राहिला.

"काय झालं?"

"आता तुम्ही पुढे जाणार. वेगवेगळ्या चढाच्या दोन रेषा... एकदाच भेटतात."

पाय उचलून तिने पुढचा व्यायाम सुरू केला.

चाचणीच्या दिवशी संध्याकाळी ती गणवेशातच खोलीत शिरली. मास्तर बाकावर एकटाच पाय ताणत होता.

"एकशेवीस! शिडी चढले!"

"वा!" तो हसला आणि पुन्हा पाय ताणू लागला. "मग आता इकडे कशाला?"

"रेषेला मागे वळता येत नाही, मास्तर. मला येतं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिची नजर हलली नाही. "मला तू आवडतोस. सरक जरा, बसू दे."

मास्तर सरकला.