रिकाम्या खुर्चीची नजर

काम तसं दोन मिनिटांचं होतं. ताई दारातल्या पायरीवरून घसरली, कुशीवर आपटली आणि श्वास घेताना दुखतंय म्हणत म्हणत दुपारपर्यंत घरकाम रेटत राहिली. शेवटी धाकटीनं तिला जवळजवळ ओढतच आपल्या हॉस्पिटलात आणलं. धाकटी तिथं एक्स-रे वाचणारी डॉक्टर. ताईच्या छातीचा फोटो निघाला, ताई बाहेर बाकावर टेकली आणि धाकटी फोटो वाचायला आत गेली.

ती वाचायची खोली दिवसाढवळ्याही काळोखी. फोटो नीट दिसावा म्हणून खिडकी कायमची बंद, भिंती करड्या, उजेड काय तो पडद्याचाच. आणि हवेत निलगिरीच्या तेलाचा मंद वास. तो वास सरांचा. सरांनी त्या खोलीत तीसेक वर्षं फोटो वाचले, नाक कायम चोंदलेलं म्हणून रुमालावर निलगिरी शिंपडत, आणि मागच्या थंडीत गेले. धाकटीला घडवलं त्यांनीच, म्हणजे मुख्यतः रागावून. "एक सापडलं की तुझे डोळे सुट्टीवर जातात," असं ते म्हणत. ते स्वतः दर फोटोत एकाच वाटेनं फिरत. आधी खांदे, मग श्वासनलिका, दोन्ही फुप्फुसं आणि सगळ्यात शेवटी हृदयाच्या सावलीमागचा भाग, जिथं घाईतलं कुणी थांबत नाही. सर तिथं चांगले चार श्वास थांबत.

हल्ली त्या खोलीत एक प्रयोग चालला होता. पडद्याखाली बसवलेला इवलासा कॅमेरा वाचणाऱ्याची बुबुळं टिपायचा आणि नजर फोटोवर जिथं जाईल तिथं शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. हा उद्योग सांभाळणाऱ्याला सगळे ठिपकेवाला म्हणत. गडी बोलघेवडा. "डोळा पोचला म्हणजे लक्ष पोचलंच असं नसतं बरं का, मॅडम," तो सांगायचा. "माणूस बघतो समोर आणि मनात भाजी निवडत असतो."

धाकटी खुर्चीत बसली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. वेण्या, डबा, अभ्यास, आजारपण, सगळं ताईनं केलं आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आता त्या ताईचाच फोटो. तो उघडताच सातव्या बरगडीवरची बारीक भेग दिसली आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना, महिन्याभरात जुळेल. तिनं तसं लिहून टाकलं, खुर्ची मागं ढकलली आणि सांगायला बाहेर धावली.

"नुसती भेग आहे. पण महिनाभर ओट्यापाशी फिरकायचं नाही."

"म्हणजे महिनाभर तुझ्या हातचं खायचं," ताई म्हणाली. "त्यापेक्षा बरगडी दुखलेली परवडली."

पर्स आतच राहिली म्हणून धाकटी मागं वळली, तर दाराशी ठिपकेवाला उभा.

"मॅडम, तुम्ही आत्ता आत होतात का?"

"नाही. ताईपाशी होते."

"मग आत कोण आहे?"

"कुणी नाही. का रे?"

तो तिला आपल्या पडद्यापाशी घेऊन गेला आणि त्यानं मघाचं टिपलेलं पुन्हा लावलं. "हे तुमचं. बरगडीवर सहा सेकंद. हृदयावरून दोनदा गेलात, थांबला मात्र नाहीत. इथं तुम्ही उठलात, ठिपका विझला. आता पुढं बघा..."

ठिपका पुन्हा उमटला. रिकाम्या खोलीत. आधी खांदे. मग श्वासनलिका. मग एक फुप्फुस, मग दुसरं, अगदी सावकाश. शेवटी तो हृदयामागे आला आणि थांबला... थांबूनच राहिला.

"खुर्चीच्या पाठीवरच्या चकचकीत बटणावर उजेड चमकला असेल," ठिपकेवाला म्हणाला. "कॅमेरा फसतो कधी कधी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण बटण असं वाट काढत फिरत नाही हो..."

धाकटीनं वाचायच्या खोलीचं दार ढकललं. ती आत गेली. तिनं मागं ढकललेली खुर्ची आता टेबलाला लागून होती. बसायची तिची छाती झाली नाही. उभ्यानंच तिनं हृदयामागचा भाग मोठा केला. वाटाण्याएवढी धूसर गाठ होती. मघाशी तिची नजर दोनदा त्या गाठीवरून गेली होती.

पुढचं भराभर झालं. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली, पण वेळेत निघाली. वर्षभरानं आली असती तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं सर्जननं स्वच्छ सांगितलं. ताई घरी आली आणि चौथ्या दिवशी आमटीत मीठ नाही म्हणून कुरकुरली. ते ऐकून धाकटी मोरीत जाऊन पोटभर रडली.

ताईचे टाके निघाले त्या दुपारी धाकटी मुद्दाम त्या खोलीत गेली. ठिपका इथल्याही पडद्यावर दिसेल असं कर, एवढंच तिनं ठिपकेवाल्याला सांगितलं. फोटो लावला नाही. दार अर्धवट उघडं ठेवलं. पडद्याच्या काळ्या काचेत रिकामी खुर्ची दिसत होती आणि खुर्चीमागे उभी असलेली ती स्वतः. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण ज्याचे उपकार मानायचे त्याच्याकडं पाठ फिरवून जाणं तिला जमणारं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "माझी ताई आहे ती तुमच्यामुळे. तुम्ही गेल्यावरही मला शिकवताय... मी काय बोलू."

खुर्ची किंचित करकरली. निलगिरीचा वास दाट झाला. काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटला आणि काचेतल्या तिच्या चेहऱ्यावर आला. कपाळावरून डोळ्यांवर फिरला, रागावण्याआधी सर बघत तसा. भरल्या डोळ्यांनी तिला हसू फुटलं.

मग ठिपका हनुवटीखाली उतरला. गळ्याच्या डाव्या बाजूला आला आणि थांबला.

एक श्वास. दोन. तीन...

"मॅडम," पलीकडच्या खोलीतून ठिपकेवाल्यानं विचारलं, "तुम्ही बसलाय का खुर्चीत? ठिपका हलत नाहीये..."

धाकटीनं दोन बोटं गळ्यावर टेकवली.

"बघून घेते, सर," ती हलक्या आवाजात म्हणाली. "उद्याच."

ठिपका तरीही हलला नाही.