थांबलेल्या गाडीचा काटा

मला गोष्टी रचता येत नाहीत. येत असत्या, तर नवऱ्याला सोडलं तेव्हा सासूबाईंना एखादी बरी गोष्ट रचून सांगितली असती.

तेव्हा हे घडलंय. माझ्यासमोर, आणि माझ्या ऐंशीच्या घरातल्या वडिलांसमोर.

मागच्या फेब्रुवारीतला शनिवार. उत्तर मिनेसोटातलं आमचं तळं. रात्र म्हणावी अशी झाली नव्हती, पण त्या दिवसांत आमच्याकडे पाचलाच अंधारून येतं.

आधी गाडीचं सांगते.

माझा पिकअप ट्रक माझ्या लग्नाच्याही आधीचा, आणि लग्नापेक्षा जास्त टिकलेला. थंडी पडली की त्याच्या मीटरची केबल ओरडायची.

चीं... चीं... चीं...

केबल म्हणजे एक नळी आणि तिच्या आत पीळदार तार. चाकं फिरली की तार फिरते, तार फिरली की मीटरचा काटा चढतो. आतलं ग्रीस सुकलं की तार नळीला घासून किंचाळते. जितका वेग, तितकी किंचाळी. हे मला कुणी शिकवलं नाही. डॅशबोर्डखाली उताणी पडून, नाकावर स्क्रू पाडून घेत शिकले.

त्या सकाळी मी ती तार नळीतून ओढून काढली. रॉकेलनं पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली. ग्रीस संपलं होतं. आणल्यावर लावणार होते.

म्हणजे त्या दिवशी गाडीत तार नव्हतीच.

काटा शून्यावर. मेल्यासारखा.

हे लक्षात असू द्या.

संध्याकाळी बाबांना आणायला निघाले. माझे वडील, टोइवो, दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर खोपटी उभारतात. आत शेगडी, खाली फळ्या, फळ्यांत दोन भोकं. भोकांखालचा बर्फ कापायचा आणि गळ सोडून बसायचं. आठवड्यापूर्वी ते तिथेच चक्कर येऊन पडले होते. एकटे. डॉक्टर म्हणाली, आता बर्फावर एकट्यानं जायचं नाही. बाबांनी गुणी मुलासारखी मान डोलावली आणि त्या शनिवारी शेजारच्या रेनोच्या गाडीत बसून परत गेले.

मी गाडीच बर्फावर उतरवली. बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून काचा खाली, पट्टा सोडलेला, चाल बैलगाडीची. इथे सगळे असेच जातात. जोरात गेलं की बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि बर्फ फुटू शकतो. कुणी आगाऊ पोरगं जवळून भरधाव गेलं, तर खोपटीतल्या भोकांतून पाणी वर येऊन बूट भिजतात. मग म्हातारे बाहेर येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरतात.

"आलीस? दार लाव आधी," बाबा म्हणाले.

"घरी चला बाबा. आता कायमचं."

"कायमचं न्यायला दुसरा येतो म्हणतात. तो तुझ्याहून गोड बोलतो."

"परत पडलात तर उचलणार कोण? मासे?"

"मासे निदान डोकं तरी खात नाहीत, कार्ला."

"ठीक आहे. रहा इथेच. मी रोज येईन. फोन उचलला नाहीत तर धावत येईन."

"ये की. येताना वेलदोड्याचा पाव आण."

पाव आणलेलाच होता. गाडीत राहिला होता. चरफडत बाहेर आले.

वारा नव्हता. तळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. बर्फ मधूनच गुरगुरत होता, तसा तो रोजच गुरगुरतो.

मी गाडीचं दार उघडलं, आणि...

चीं...

हात तिथेच थांबला.

चीं... चीं...

इंजिन बंद. किल्ली माझ्या खिशात. तार घरी, टेबलावर.

मीटरच्या काचेमागे काटा थरथरला.

आणि चढायला लागला.

हळूहळू... दहा. वीस.

गाडी जागची हलली नव्हती. मी खाली वाकून चाकं बघितली. चक्क वाकून बघितली.

तीस... चाळीस...

चींचींचींचीं...

आवाज आता डॅशबोर्डमधून येत नव्हता. तळ्याच्या पलीकडून येत होता. आणि जवळ येत होता.

"कोण गाढव आहे रे!" आतून बाबा ओरडले. "बूट भिजवले माझे!"

मी धावत खोपटीत शिरले. दोन्ही भोकांतून पाणी वर आलं होतं. फळ्यांवरून पसरत पसरत ते शेगडीपर्यंत गेलं.

बाबा शिव्या देत, मला बाजूला सारून बाहेर गेले.

आणि त्यांच्या शिव्या मध्येच तुटल्या.

किंचाळी आमच्यापर्यंत आली. आणि थांबली.

काहीच नाही. बर्फाची गुरगुरसुद्धा नाही.

मी बाहेर आले. काटा शून्यावर होता. तळं रिकामं. बाबा खोपटीच्या कडेला हात टेकून उभे होते, पलीकडच्या काठाकडे बघत.

"कोण होतं बाबा?"

ते माझ्याकडे वळले. माझ्या कोटाची बाही धरली. चाचपली. बाजारात कापड बघतात तशी.

"चल घरी," ते म्हणाले.

गळ पाण्यातच सोडून निघालेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

"हळू चालव," ते गाडीत म्हणाले. "आणि आरशात बघू नकोस."

मी बघितलं नाही. काठ येईपर्यंत त्यांनी माझी बाही सोडली नाही.

दुसऱ्या सकाळी रेनो खोपटी आणायला गेला. आत फळ्यांवर बर्फाचा थर होता, म्हणाला. बाहेर चाकांच्या खुणा मात्र फक्त आमच्याच. "म्हाताऱ्यानं बादली सांडली असेल," असं म्हणून तो हसला. मीही हसले. काय करणार?

ग्रीस आणून मी तार परत बसवली. आता गाडी गप्प असते.

बाबा पुन्हा बर्फावर जायचं नाव काढत नाहीत. तीन हिवाळे मी हेच मागत होते. मिळालं, तर घास गोड लागेना. ज्या माणसानं माझ्या लग्नातसुद्धा माशांच्या गप्पा मारल्या, तो दिवसभर पत्ते पिसत बसतो. गेल्या आठवड्यात राहवलं नाही.

"बाबा, त्या दिवशी काय दिसलं तुम्हाला?"

त्यांनी पत्त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"तुझीच गाडी होती. पलीकडच्या काठावरून सुसाट येत होती, माझ्याकडे."

"माझी गाडी तर तिथेच उभी होती."

"हो. मी दोन्हीकडे बघितलं."

"आणि... चालवत कोण होतं?"

"तोंड रडवेलं होतं तुझं," ते म्हणाले. "मला काहीतरी झालंय असं वाटून धावत आल्यासारखं. खोपटीपर्यंत पोचली नाही ती गाडी. मध्येच खाली गेली."

मी खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघितलं.

"मी तिथे नसलो, तर तुला यायचं कारणच नाही," बाबा म्हणाले आणि पत्ते वाटायला लागले. "उचल. तुझी पाळी."

कालपासून तळं पुन्हा गोठायला लागलंय. बाबा दुपारी झोपले की मी हळूच दार ढकलून बघते, ते पलंगावर आहेत ना.

आज दार उघडलं, तर ते जागेच होते. डोळे सताड उघडे.

"ती किंचाळी तूही ऐकलीस ना?" त्यांनी विचारलं.

ऐकली होती. तरी मी नाही म्हटलं.