अजून वास येतोय

"साठ नंबरचा पॉलिशपेपर द्या. चार ताव."

हार्डवेअरच्या दुकानदाराने फळीकडे हात नेला, तोच तिच्या पाठीमागून आवाज आला—

"गेट घासायचंय का हो?"

ती वळली. मागे एक तरुण उभा होता. त्याच्या हातात सोल्डरच्या तारेचं रीळ, शर्टच्या खिशात तीन स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव.

"गिटार घासायचीय. इलेक्ट्रिक. पण तुम्हाला काय त्याचं?"

"मला काहीच नाही. गिटारीची मात्र सालटी निघतील."

दुकानदार हसला. "ऐका त्याचं. मागच्या गल्लीत गिटारी दुरुस्त करतो तो. तारवाला म्हणतात त्याला."

तिला राग आला. मग एकशेवीस नंबरचा कागद घेऊन ती त्याच्या मागोमाग गेली, तेव्हा राग स्वतःचाच आला.

गिटार मामाची होती. ती नऊ वर्षांची असताना सुट्टीत मामाकडे राहायला गेली, तेव्हा खिडक्यांच्या गजांना रंग लावणं चालू होतं. अर्धा डबा हिरवा ऑइलपेंट उरला. मामा कामावरून येईस्तोवर तिने अख्खी गिटार रंगवून ठेवली— पुढून, मागून, बटणांसकट. मामीने कपाळाला हात लावला. मामा मात्र गिटारीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पोपट झाला की गं हिचा!" आणि पुढे अठरा वर्षं त्याने तो पोपट तसाच वाजवला. आता आवाज खरखरत खरखरत बंदच पडला, तेव्हा तिच्या हातात देऊन म्हणाला, "तूच रंगवलीस, आता तूच उतरव. तीन महिन्यांनी आमची जुनी वाजवणारी मंडळी जमतायत, तोवर दे म्हणजे झालं."

तारवाल्याने गिटार टेबलावर आडवी ठेवली, स्क्रू काढून तिची लांब मान सोडवली, आणि आतल्या तारा बघून तो चुकचुकला.

"आवाजाचं मी बघतो. रंगाचं तुम्ही करा."

"मी? मला काय येतंय त्यातलं!"

"रंगकामाला मी हात लावत नाही."

"का?"

"जमत नाही," तो तुटक म्हणाला. मग हसला. "टेबल आहे, खिडकी आहे, सांगायला माझं तोंड आहे. या रोज कामावरून सुटल्यावर, साठ नंबर."

नाव पडलं ते पडलंच.

गरम हवेच्या बंदुकीने तिने हिरवा रंग फुगवला आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडला. पहिल्याच दिवशी पट्टी लाकडात घुसून खड्डा पडला आणि तिचा चेहरा पडला. त्याने खड्ड्यावर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली. चर्रर्र... लाकूड फुगून वर आलं.

"घाबरलात केवढ्या! लाकूड आहे ते. माफ करतं."

मग घासणं. "रेषेच्या दिशेने... आडवं नाही हो, तिला गुदगुल्या होतात." एकशेवीसने, मग दोनशेवीसने. रोज तिच्या केसांत पिठासारखा भुसा बसायचा आणि रोज तो, "काय, आज दोनशेवीस का? प्रगती आहे!" असं म्हणत चहाचा कप पुढे करायचा. मान जिथे बसते त्या खाचेतला नखाएवढा हिरवा तुकडा मात्र त्याने काढू दिला नाही.

"राहू दे. बाहेरून दिसणार नाही. नऊ वर्षांच्या कारागिराची सही आहे ती."

ती बसमध्ये एकटीच हसत घरी गेली.

तिने पारदर्शक लॅकरचे सात पातळ हात मारले आणि गिटार खिडकीशी हुकाला टांगली. मधाच्या रंगाची, ओली, चमकणारी. न राहवून तिने बोट पुढे केलं, आणि त्याने तिचं मनगट धरलं. धरलं... आणि चटका बसल्यासारखं लगेच सोडलं.

"हात नाही लावायचा. वरून कोरडं वाटतं, आत ओलं असतं. ठसा उमटला की कायमचा."

"मग कळणार कसं?" तिने विचारलं. मनगट अजून तसंच हवेत होतं.

"वासाने. थिनरचा वास पूर्ण गेला की आतपर्यंत सुकलं समजायचं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच काम. झोपलेल्या बाळाचा श्वास नीट चालू आहे ना, हे बघायला वाकावं तसं दोघांनी दोन बाजूंनी गिटारीशी वाकायचं. "तुम्ही आधी," तो म्हणायचा. ती वास घ्यायची. मग तो वाकायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, "येतोय अजून."

एक गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती. बिस्किटांच्या कारखान्यात आहे एवढंच म्हणाली होती. तिथे तिचं काम होतं वास घेण्याचं! दर घाण्याचा वास घेऊन ती सांगायची, व्हॅनिला जास्त झालाय, लोणी जुनं आहे. अख्खा कारखाना तिच्या नाकावर चालायचा.

आणि त्या नाकाने एका सोमवारी सांगितलं, की वास गेला. पूर्ण.

ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "येतोय अजून... हलका."

"हो," ती म्हणाली. "हलका."

मंगळवारी हलका. गुरुवारी हलका. पुढच्या सोमवारीही हलकाच! ती रोज खुशीत घरी जायची. हा खोटं बोलतोय... आपण रोज यावं म्हणून बोलतोय! पण अंथरुणावर पडलं की मन उलटं फिरायचं. वर्षानुवर्षं सोल्डरचा धूर खाऊन त्याचं नाकच बधिर झालं असेल तर? मग आपण नुसत्याच...

मामाचा फोन आला. "अगं, रविवारी मंडळी येतायत. पोपट कुठंय माझा?"

शुक्रवारी तिने कारखान्यातून संत्र्याच्या अर्काची बाटली आणली. थेंबभर सांडला तर दोन दिवस बस घमघमते असला तो अर्क. तो चहा करायला वळला तेव्हा तिने गिटारीच्या पट्ट्याला चांगले चार थेंब चोळले आणि पट्टा हुकाला अडकवला. तिचं नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तो आला. तिच्याकडे बघून क्षणभर थबकला. मग वाकला, डोळे मिटले.

"येतोय अजून," हळूच म्हणाला. "लॅकरचाच."

म्हणजे याला वासच येत नाही! बारा दिवस आपण एका बंद नाकावर मनोरे रचत होतो.

शनिवारी सकाळी ती गेली ती ताठ मानेने. "आज घासून चमकवून टाकू. मामाला उद्या हवीय. वास गेलाय."

"कधी?"

"बारा दिवस झाले."

ती बोलतच सुटली. "माझं कामच ते आहे. वास घेण्याचं. आणि तुम्हाला... तुम्हाला वास येतच नाही ना?"

त्याने मान खाली घातली. "सात वर्षं झाली. मोठा ताप आला होता, त्यात गेला. दूध उतू गेलेलं आवाजावरून कळतं मला. म्हणून तर रंगाला हात लावत नाही."

"मग रोज 'येतोय, येतोय' कशाच्या जोरावर?"

"तुमच्या नाकाच्या."

"काय?"

"थिनरचा वास आला की तुमच्या नाकाचा शेंडा असा... आखडतो. सशासारखा. म्हणून तुम्हाला आधी वाकायला लावायचो." त्याचे कान लाल झाले होते. "त्या सोमवारी नाही आखडला. मला कळलं... झालं. आता ही जाणार."

"गिटार?"

"गिटारपण."

खिडकीचं दार वाऱ्याने वाजलं. दोघांपैकी कुणीही ते लावायला उठलं नाही.

"आणि काल?" तिने विचारलं.

"काल तर नाक केवढं आखडलं होतं! डोळ्यांत पाणी. मला वाटलं, जायचं म्हणून रडताय. तेव्हा ठरवलं, उद्या बोलायचंच. सकाळी सातपासून दुकान उघडून बसलोय."

ती हसायला लागली. हसता हसता टेबलाला टेकली, आणि पर्समधून बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. त्याने लेबल वाचलं. पट्ट्याकडे बघितलं. परत लेबल वाचलं.

"संत्रं?"

"चार थेंब."

"म्हणजे रडत नव्हतीस?"

नव्हतीस. तो शब्द तोंडातून निसटला होता आणि दोघांनाही ऐकू आला होता.

"घरी जाऊन रडले," ती म्हणाली. "थोडी... वाटलं, मला थांबवायला तू खोटं बोलतच नव्हतास."

त्याने तिचं मनगट धरलं. या वेळी सोडलं नाही.

मग वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजला, गिटारीवर चार हात फिरले, दोन हजार नंबरच्या कागदापर्यंत. पाण्याखालून तिच्यात दोन चेहरे दिसायला लागले, आधी धुरकट, मग स्वच्छ.

रविवारी मामाने गिटार मांडीवर घेतली, एक सूर छेडला. चार म्हाताऱ्यांनी एकदम "वाऽ!" केलं. मामाने तिच्याकडे बघितलं, तिच्याशेजारी जरा जास्तच जवळ उभ्या असलेल्या तारवाल्याकडे बघितलं, आणि खांद्यावरचा पट्टा हुंगला.

"काय गं, हिला संत्र्याचा वास कसला येतोय? का मलाच येतोय?"

तारवाल्याने मामाकडे नाही, तिच्या नाकाच्या शेंड्याकडे बघितलं. मोठ्या गांभीर्याने.

"नाही मामा," तो म्हणाला. "येतोय अजून. हलका."