बुधवारी कोणी भांडत नाही

मंगळवारी रात्री परवेजच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. बुधवारी सकाळी शुद्धीवर येताच त्यानं कोयता मारणाऱ्याचं एकच नाव सांगितलं, अमोल. तासाभरात अमोल कोठडीत होता आणि परतवाड्यातली दुकानं भराभर बंद होत होती.

डॉक्टर अनीसा दवाखान्यात येणाऱ्या जखमी पोरांच्या नोंदींवरून गावातल्या मारामाऱ्यांचा तक्ता करायची. कुठं, कधी, कोणत्या वयाची, आणि त्यांनी कोणाचं नाव घेतलं. कापूस घरात आला आणि तक्त्यावरच्या रेघा एकदम चढल्या. इन्स्पेक्टर रामरावांना तो तक्ता फार आवडे, कारण त्यांना आयते आरोपी मिळत.

"अमोलच्या शर्टावर रक्त हाये, मॅडम. अजून काय पाह्यजे?" रामराव स्टुलावरून म्हणाले.

परवेजच्या खाटेशी कापसातली सरकी काढणाऱ्या जीनचे मॅनेजर किसनराव केळी घेऊन बसले होते. परवेज त्यांच्याकडे बघत नव्हता.

"याला तुम्ही आणलंत?" अनीसानं विचारलं.

"हो बाई. बसस्टँडवर पडला होता. जीपमंदी टाकून आणलं."

"गेल्या आठवड्यातल्या पोरालाही?"

"दिसल्यावर सोडून देता येते काय?"

नर्सनं जखमेतून काढलेलं ट्रेमध्ये तसंच पडलं होतं. रक्तानं माखलेली मऊ रुई, एकही सरकी नसलेली.

तेवढ्यात पंखा थांबला. रामरावांनी टोपी काढून घाम पुसला. "बुधवार. आता मध्यरात्रीपर्यंत लाइन नाही."

अनीसा भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली. सगळ्या वारांना मारामाऱ्या होत्या, बुधवारचा रकाना कोरा. महिनाभर ती हाच कागद पोलिसांना पाठवत होती. तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"रामराव, भांडायला वीज लागते का?"

"काहून?"

"बुधवारी बाजार असतो, बसस्टँड असतं, शिवीगाळही असते. बंद असतो तो फक्त जीनमधला सरकी काढायचा रेचा. आणि बुधवारीच एकही पोरगा जखमी होत नाही." ती किसनरावांकडे वळली. "एवढ्या मारामाऱ्या झाल्या, पण प्रत्येक वेळी जखमी एकटाच आला. समोरच्याला साधं खरचटलंही नाही? बसस्टँडवर रक्त थांबवायला माणूस रुमाल दाबतो. सरकी काढलेली रुई हाताशी असते ती जीनमध्ये. ही बोटं कोयत्यानं नाही, रेच्यानं नेली."

"पोरं झोपेत काम करते, त्याले आमी काय करावं?" किसनराव बोलून गेले. मग त्यांनी केळ्यांची पिशवी उगाच जवळ ओढली.

रामराव उठून दारात उभे राहिले.

"परवेज," अनीसा खाली वाकली, "अमोलच का?"

"त्यानंच रेच्याचा खटका बंद करून मले ओढलं. म्हने, पोलिसात सांगतो." पोरगा भिंतीकडे वळला. "किसनराव म्हनले, त्याचंच नाव घे. नाही त अब्बूचं जीनमधलं काम जाते. बाकीच्याईलेबी असंच शिकोलं. आमचा पोरगा असला त हिंदूचं नाव, हिंदू असला त आमचं."

मध्यरात्री कोठडीतून सुटून अमोल आला. अंगात तोच शर्ट. तो खाटेच्या कडेवर बसला.

"तुयं नाव घेतलं मी," परवेज म्हणाला.

"माईत हाये मले."

वीज आली, पंखा फिरू लागला. लांबून जीनची घरघर ऐकू आली आणि परवेजनं हात चादरीखाली ओढून घेतला.

"दाखव," अमोल म्हणाला.

परवेजनं हात बाहेर काढला नाही.